तुझ्या पत्रांमधलं इंग्रजी

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

विमा ग्राहकांना पाठवायच्या पत्रांचे तुझे मसुदे वाचले. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, तरीही मला ते खटकले.

'युवर क्लेम हॅज बीन केप्ट इन अबेयन्स', म्हणजे दावा तूर्त थांबवून ठेवला आहे, असं तू लिहिलं आहेस. खालच्या मजल्यावरच्या काकू अगदी असंच पत्र घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. काका नुकतेच गेले होते. काकूंचं शिक्षण मराठी शाळेतलं, पण इंग्रजी पाट्या, बिलं त्या नीट वाचतात. 'अबेयन्स' म्हणजे नामंजूर, असं समजून त्या रात्रभर जाग्या होत्या. कंपनीला हवी होती फक्त मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत! 'प्लीज सेंड अस' म्हणून सरळ मागितली असती तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली असती.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. रयत 'आस्क', 'बाय', 'बिगिन' म्हणत राहिली. 'एन्क्वायर', 'पर्चेस', 'कमेन्स' हे शब्द वरून आले. कोर्टातले वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ साली झाला, पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! जड शब्द म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत इतकी जुनी आहे. पुढे ब्रिटनच्या अर्थखात्यालाच याचा जाच वाटू लागला आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी सोपं लिहावं म्हणून त्यांनी सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून एक पुस्तक लिहून घेतलं. ते १९४८ साली निघालं.

आपल्याकडे मात्र अजून 'काइंडली डू द नीडफुल' चालू आहे. नेमकं काय करायचं, ते समोरच्याने ओळखायचं. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड' तर मला मुळीच सहन होत नाही. कोणाच्या निदर्शनास आलं? नाव लिहा ना! 'रिव्हर्ट' आपण उत्तर देण्यासाठी वापरतो, पण परदेशातल्या माणसाला तो पूर्वस्थितीला जाणं असा वाटू शकतो. 'प्रीपोन'ला मात्र माझी काही हरकत नाही. आपल्याकडचा आहे, सुटसुटीत आहे, ऐकताक्षणी कळतो.

सोपं लिही म्हणजे सलगीने लिही असं नव्हे. घरात माणूस गेलेल्या बाईला 'हाय' म्हणून पत्र सुरू करू नकोस. 'डिअर मिसेस' आणि आडनाव हवंच, 'वुई आर सॉरी' हवं. त्यानंतर लगेच कोणता कागद हवा, कुठे द्यायचा, किती तारखेपर्यंत, आणि अडलं तर फोन कोणाला करायचा, एवढं लिही.

वरिष्ठ म्हणतील, हे फार साधं वाटतं. तेव्हा दोन्ही मसुदे त्यांच्यापुढे ठेव आणि कंपनीबाहेरच्या कोणाला तरी वाचायला द्यायला सांग. अबेयन्सचं पत्र नव्याने लिहून मला पाठव. काकूंना वाचायला देते, त्या हो म्हणाल्या आहेत.

तुझी,
आई