डिकीतला दिवा

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय पैलवान,

दिवाळीच्या मेसेजपलीकडं तीन-चार वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही, आणि आज एकदम एवढं लांबलचक. घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर गोळीवर, अण्णा काठी टेकत का होईना रंकाळ्यापर्यंत जाऊन येतात. लिहायला बसलोय ते अण्णांच्या गाडीच्या डिकीतल्या दिव्यासाठी. होय, तोच.

गाडीला १५ वर्षं झाली. आरसी पुढच्या ५ वर्षांसाठी रिन्यू करायची म्हणून दिवे, हॉर्न, वायपर सगळं तपासायला घेतलं. म्हटलं, ताईच्या लग्नापासून काढून ठेवलेला तो बल्बही आता बसवू. बसवला आणि दोन दिवसांत पुन्हा तीच कथा. डिकी उघडली की कधी लागतो, कधी नाही. आणि डिकी बंद असताना चालत्या गाडीत आपोआप लागतो. गंगावेशीतल्या खड्ड्यात लागला तो शिवाजी पुलापर्यंत आरशातून डोळ्यांवर.

उद्यमनगरात एकाला दाखवलं. त्याच्या दारात गाडी उभी केली की दिवा शहाणा. त्यानं फ्यूज बदलला, पैसे घेतले, परतीच्या वाटेवर दिवा पुन्हा लागला. मग आज सकाळी चहा घेतला आणि स्वतःच बसलो. आयटीआयत गुरुजी सांगायचे ना, येणारा-जाणारा फॉल्ट पकडायचा तर आधी जे नीट चालतंय ते बाजूला काढा. (त्यांचा टेबल फॅन तू उलटा फिरवला होतास आणि ते अख्खा तास घाम पुसत होते, ते आठवून मी एकटाच गॅरेजमध्ये हसलो.)

दिव्याचा स्विच ‘ऑन’वर टाकला आणि कळंब्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही लुकलुकला नाही. म्हणजे बल्ब, १० अँपिअरचा फ्यूज आणि दिव्यापर्यंत येणारी पॉझिटिव्ह वायर चोख. आपल्या गाडीत पॉझिटिव्ह दिव्यावर कायमच असतो, डिकीचा स्विच फक्त बॉडीची अर्थ, म्हणजे निगेटिव्ह, देतो, आणि दिवा ‘ऑन’वर टाकला की ती दिव्याजवळच मिळते, हे तुला सांगायला नको. तेव्हा राहिली ती दिव्यापासून डिकीच्या स्विचपर्यंतची वायर. आत तुटलेली असेल तर डिकी उघडूनही दिवा लागणार नाही, आणि तिचं इन्शुलेशन फाटून पत्र्याला टेकत असेल तर डिकी बंद असतानाही लागणार. एकच वायर दोन्ही उपद्व्याप करत होती.

आणि सरळ सांगतो, मी पहिल्यांदा तुझा जॉइंट शोधायला निघालो. २०१२ साली अण्णांना पहाटे माल भरताना दिसावं म्हणून तू तो दिवा बसवलास, तेव्हा मागच्या पिलरमध्ये वायरी धातूच्या नळीत दाबून क्रिम्प मारला होतास. त्यावरून आपलं केवढं वाजलं होतं. मी म्हणायचो कथील वितळवून सोल्डर कर, वायर दगडासारखी पक्की होते. तू म्हणायचास, “दगडच होते, म्हणून तुटते.” तीन दिवस बोलत नव्हतो आपण.

पिलरचं प्लास्टिक काढलं. २०२१ च्या पुरात तिथवर पाणी आलं होतं, तेव्हा तांबं गंजून झालेला हिरवा चुरा बघायची तयारी ठेवली होती. जॉइंटवरची तुझी प्लास्टिकची स्लीव्ह दोन्ही टोकांना वायरीला चिकटून बसलेली, तिच्या आतल्या गोंदाची रेघ अजून दिसत होती. दिवा लावून जॉइंटच्या दोन बाजूंना मीटर धरला, ०.०१ व्होल्ट, म्हणजे जोड चोख. वायर ओढली, हलवली, वाकवली, आकडा जागचा हलला नाही. मी किती वेळ तसाच बसून होतो कुणास ठाऊक.

मग डिकीच्या बिजागरीजवळचा रबरी बूट मागं सारला. डिकी उघडताना-मिटताना सगळ्या वायरी तिथंच वाकतात. आणि तिथं माझा सोल्डरचा डाग होता.

तू चाकणला गेल्यावर, २०१३ च्या दिवाळीत, पोतं अडकून ती वायर ओढली गेली होती. मी सोल्डर केलं, वर काळी टेप. आज टेप सोडवली तर सोल्डर तारांमधून वर चढून इन्शुलेशनखाली बोटाच्या पेरभर गेलेलं. तेवढी वायर काडीसारखी ताठ, आणि जिथं ताठपणा संपतो तिथंच बारीक तारा एकेक करून तुटलेल्या. दोन कशाबशा टेकत होत्या, टोकं काळी पडलेली. तिथंच इन्शुलेशन उललेलं आणि समोर पत्र्यावरचा रंग नखाएवढा घासून गेलेला.

ताईच्या हळदीच्या आधी गाडी दोन दिवस मंडपामागं कव्हर घालून उभी होती. ५ वॅटचा बल्ब, म्हणजे ०.४ अँपिअर, ४८ तासांत १९-२० अँपिअर-तास. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीही थकलेली. कव्हराखाली दिवा जळतोय हे दिसणार कुणाला? सकाळी पाहुण्यांना स्टँडवरून आणायला अण्णांनी चावी फिरवली तर नुसतं टक् टक्. मग अंगणभर माणसांत तुला काय काय बोलले ते मी पुन्हा लिहीत नाही.

मी शेजारी उभा होतो. तुझ्या दिव्यामुळंच झालं असं मलाही वाटत होतं. पण त्याच वायरीवर माझा डाग आहे हे मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. तू खाली बघून हात पुसत होतास. पंगतीला न बसता गेलास. नंतर कितीदा विषय निघाला, मी दरवेळी तो बॅटरीवर नेला.

पैलवान, माझं चुकलं. वायरीचं चुकलं ते चुकलंच, पण मी गप्प राहिलो ते जास्त.

आता नवी बारीक तारांची लवचीक वायर टाकलीय. वाकते तिथं एकही जॉइंट नाही, दोन्ही जोड बिजागरीपासून लांब, तुझ्यासारखे क्रिम्प आणि स्लीव्ह. शंभरदा डिकी उघडमीट केली, वायर सलग आहे तोवर वाजणारी मीटरची शिट्टी एकदाही तुटली नाही.

पोरगी यंदा बारावी ना? तिला म्हणावं, काका कुठली शाखा ते विचारत होते. वहिनींच्या दुकानाचं ते पत्र्याचं काम झालं का? तुझी रात्रपाळी सुटली असं भाऊजी म्हणाले, बरं झालं.

संध्याकाळी अण्णांना ती वायर दाखवली आणि सगळं सांगितलं. बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, “त्याचं जेवायचं राहिलंय आपल्याकडं.”

गाडीचं आरटीओचं काम येत्या आठवड्यात आहे. त्यानंतरचा कुठलाही रविवार सांग, स्टँडवर मी येतो, त्याच गाडीनं.

तो तुकडा याच पाकिटात घातलाय. जपून काढ, तारांची टोकं बोचतात.

तुझा,
मास्तर