न्यूट्रल गेला की होम थिएटर जातं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी थिएटर कसं उभारावं यावर लेख आला होता. पडदा किती इंची, सबवूफर कुठल्या कोपऱ्यात, सगळं होतं. हे सगळं ज्या सॉकेटला लावायचं, त्याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. मिरजेत माझं टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. सतारीच्या गावात कानसेन भरपूर, त्यामुळे एकेक भारी रिसीव्हर टेबलावर येतो, म्हणून चार शब्द लिहितो.

वळवाच्या पावसानंतर सेट घेऊन येणारा प्रत्येक जण सांगतो, "वीज पडली." कधी ते खरंही असतं. वीज डिशच्या किंवा नेटच्या केबलमधून आत शिरली असेल, तर बहुधा त्या बाजूचे भाग गेलेले दिसतात. पण पुष्कळदा केबलच्या बाजूला काही झालेलंच नसतं. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर फाटलेला आणि फ्यूजची काच काळी ठिक्कर. हा न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, तुटल्याचा मार.

डीपीकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीकडून, वीज आणणाऱ्या तीन तारा (फेज) आणि एक न्यूट्रल येतो. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. वाऱ्याने खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटला, की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्याचं घर त्या ४०० व्होल्टवर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखं होतं. ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. शेजारी गिझर चालू आणि तुमच्याकडे नुसता टीव्ही, तर टीव्हीला ३५०-३८० मिळायला वेळ लागत नाही. २३० व्होल्टला आतल्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात, ३८० ला ते ५३० च्या वर जातात. कपॅसिटर असतो ४००-४५० चा. तो फुटणारच. एका घरात दिवे एकदम प्रखर आणि शेजारी मिणमिणते, असं दिसलं की आधी मेन स्विच पाडा, मग वायरमनला फोन करा.

"पण मी स्पाइक गार्ड लावला होता," हे वाक्य त्यानंतर हमखास येतं. त्या पट्टीत एक छोटी चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. क्षणभराचा झटका ती गिळते. मिनिटभर ३८० व्होल्ट राहिले तर ती तापून फुटते, क्वचित पेटतेही. चकती जळाल्यावरही बऱ्याच पट्ट्यांचा लाल दिवा ऐटीत चालू राहतो आणि मालक निर्धास्त असतो. बोर्डातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, जास्त करंट झाला की पडतो, व्होल्टेजशी त्याला घेणंदेणं नाही. टीव्हीसोबत गळ्यात मारला जाणारा स्टॅबिलायझर तर बहुतेकदा अनावश्यकच, कारण आजच्या बऱ्याच सेटच्या मागे '१००–२४० व्होल्ट' असं छापलेलंच असतं. खरी गरज आहे व्होल्टेज २७० च्या आसपास गेलं की लाइन तोडणाऱ्या यंत्राची. मीटरशेजारच्या बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हजार-दोन हजारांत मिळतो. लाखभराच्या सेटपुढे ही रक्कम काय आहे?

आणि अर्थिंग. ॲम्प्लिफायरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून लोक माझ्याकडे तो तपासायला आणतात. ॲम्प्लिफायर ठणठणीत असतो, घरी भिंतीतल्या सॉकेटच्या मोठ्या भोकामागे अर्थची वायरच नसते. काही ठिकाणी त्याहून वाईट काम सापडतं. कोणीतरी न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारलेला, म्हणजे तारेचा तुकडा जोडलेला असतो. टेस्ट लॅम्प लावला तर तो छान उजळतो, म्हणून बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय ही लबाडी कळत नाही. अशा घरात न्यूट्रल तुटला की ॲम्प्लिफायरच्या बॉडीपासून फ्रिजच्या दारापर्यंत अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूत फेज उतरू शकतो. तिथे प्रश्न थिएटरचा राहत नाही, घरातल्या पोराबाळांचा होतो. स्पीकरमधला 'हम्म' आवाज घालवायला अर्थची पिन कापणाऱ्या हौशी मंडळींनाही हेच सांगणं आहे. तो आवाज बऱ्याचदा केबल टीव्हीच्या वायरमुळे येतो. ती काढून बघा, पिनेला हात लावू नका.

ढग गडगडायला लागण्याआधीच प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावी. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर पंखा थांबेपर्यंत वीज राहावी म्हणून छोटा यूपीएस बरा.

आता वीज कंपनीविषयी. घरगुती व्होल्टेजमध्ये ६ टक्क्यांहून जास्त फरक नको, असं १९५६ च्या विद्युत नियमांतच होतं, म्हणजे २३० ला साधारण २१६ ते २४४. इथे संध्याकाळी १९० आणि मध्यरात्री २५५ मी मीटरवर पाहिलेत. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तिथे जायचं तर कार्यालयातील तक्रारीची पोच आणि जळालेल्या सेटचा लेखी दुरुस्ती अहवाल जपून ठेवा. अहवालाचे मी पैसे घेत नाही.

पावसाळापूर्व देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असते. त्यात फांद्या तोडलेल्या दिसतात. त्याच शिडीवरून न्यूट्रलचे जंपर (खांबावरचे तारांचे जोड) आणि डीपीचं अर्थिंगही तपासून घ्यावं, एवढी मागणी आपल्या पत्रातून कंपनीपर्यंत पोहोचवावी.

– एक दुरुस्ती कारागीर, मिरज
(कृपया नाव छापू नये.)