कादंबरीकार मित्रास पत्र: भीती ताळमेळाच्या दिवसाची

नौपाडा, ठाणे

प्रिय श्रीपाद,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून झाले. सहकारी बँकेची वाशी शाखा, तिथल्या कर्जविभागातली ती अबोल अधिकारी आणि उचंत खात्यात, म्हणजे कुठे नोंदवायची हे न ठरलेली रक्कम तात्पुरती ठेवण्याच्या खात्यात, महिनोन्‌महिने पडून राहिलेली एक नोंद, एवढ्या भांडवलावर तू पहिली आठ प्रकरणे वाचकाला जागचे हलू देत नाहीस. नवव्या प्रकरणात मात्र लेखापरीक्षकाचा खाडीपुलावर खून होतो आणि कादंबरी बँकेच्या बाहेर पडते. मग पाठलाग येतो, पिस्तूल येते, पनवेलकडचे फार्महाऊस येते, आणि त्या नोंदीचे पुढे काय झाले हे विचारायला कुणालाच सवड उरत नाही. मला जे कळकळीने सांगायचे आहे ते एवढेच: पैशाच्या व्यवहारावरच्या रहस्यकथेत दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचा, म्हणजेच ताळमेळाचा, दिवस जवळ येतो आहे, याचीच धास्ती वाचकाला वाटली पाहिजे. ती धास्ती तू आठ प्रकरणे निर्माण केलीस आणि नवव्यात सोडून दिलीस.

तू कराडचा, त्यामुळे १९९२ साल तुला आठवते. तरी हर्षद मेहता या दलालाच्या त्या रोखे घोटाळ्याची रचना तुझ्या उपयोगाची म्हणून पुन्हा मांडतो. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी रोकड हवी असली की ती आपले सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकत असे आणि ठरल्या तारखेला परत घेत असे. यालाच रेडी फॉरवर्ड म्हणत. रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात हाताने होई आणि तिला वेळ लागे. म्हणून विकणारी बँक एक पावती देऊन मोकळी होई, की रोखे विकले आहेत, ताबा मागाहून मिळेल. ही बँक रिसीट, म्हणजे बाजारातली ‘बीआर’. मध्ये दलाल असे. बँकेच्या नावाने काढलेले धनादेश त्याच्या खात्यात जमा होऊ लागले आणि तो पैसा शेअर बाजारात उतरला. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी दिलेल्या कित्येक पावत्यांमागे तर रोखेच नव्हते. जानेवारीत दोन हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिलमध्ये ४,४००च्या वर गेला, २३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांची हे उघड करणारी बातमी छापून आली आणि पुढे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने या घोटाळ्याची रक्कम सुमारे ४,००० कोटी रुपये ठरवली. या साऱ्या कथानकात एकही गोळी सुटत नाही. भाव चढते आहेत तोवर जुनी पावती नव्या पावतीने भागवता येते, आणि ज्या दिवशी कुणीतरी पावती बाजूला ठेवून प्रत्यक्ष रोखे मागतो त्या दिवशी सगळे संपते. हा दिवस येणार हे वाचकाला ठाऊक असावे, दलालालाही ठाऊक असावे, आणि तारीख मात्र कुणालाच माहीत नसावी.

आता एक अडचण. तुझी कथा २०१९मध्ये घडते आणि खलनायक तरीही बीआर फिरवतो; दलाल स्ट्रीटवर रिंगणात हात उंचावून ओरडणारे लोकही दिसतात. मुंबई शेअर बाजारात १९९५पासून व्यवहार पडद्यावर आले, १९९६च्या कायद्यानंतर शेअर डिमॅट खात्यात गेले, आणि सरकारी रोख्यांची उलाढाल २००२पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदली जाऊ लागली. तेव्हा एक तर कथा सरळ १९९२मध्ये ने, नाही तर आजच्या काळातली फट शोध. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, कारण वाशी तू इतकी चांगली लिहिली आहेस की ती हातची जाऊ नये.

अशी फट २०१८ साली सगळ्या देशाने पाहिली. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून बँका एकमेकींना संदेश पाठवतात त्या स्विफ्ट यंत्रणेवर, हिरे व्यापारी नीरव मोदीच्या कंपन्यांच्या कर्जांची हमी देणाऱ्या पत्रांचे संदेश इतर बँकांच्या परदेशी शाखांना जात होते, पण ती यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नव्हती. त्यामुळे संदेश समोरच्या बँकांना दिसत होते आणि बँकेच्या स्वतःच्या खातेवहीत मात्र त्यांचा पत्ता नव्हता. संबंधित अधिकारी निवृत्त झाला. पुढे जानेवारी २०१८मध्ये त्याच कंपन्यांची माणसे नवे हमीपत्र मागायला आली, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के मार्जिन, म्हणजे हमीच्या रकमेइतकी रोख अनामत, मागितले. पूर्वी कधी असे मागितले नव्हते, असे उत्तर आले. मग पूर्वीचे व्यवहार शोधले, तर नोंदच सापडेना. श्रीपाद, हा प्रसंग डोळ्यांसमोर आण: भर दुपारचे काउंटर, एक साधा प्रश्न, एक साधे उत्तर, आणि त्यानंतरची शांतता. खाडीपुलावरच्या खुनाहून हा प्रसंग मला कितीतरी अधिक भयंकर वाटतो.

तुझ्या नवव्या प्रकरणासाठी एक सुचवतो. बँकांतल्या संवेदनशील पदांवरच्या माणसांना वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१च्या परिपत्रकात म्हटले आहे. त्या काळात त्यांना कार्यालयीन ईमेल सोडून कामाच्या कोणत्याही यंत्रणेत हात घालता येत नाही. कथा २०२२मध्ये आण आणि तुझ्या शाखाधिकाऱ्याला, जो इतकी वर्षे एक दिवसही रजा न घेता लौकिक मिळवून बसला आहे, एका सकाळी ते पत्र हातात पडू दे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरते, म्हणून तो दर तिमाहीला एका खात्यातून दुसऱ्यात पैसे फिरवून ते जिवंत ठेवत आला आहे, आणि पुढची मुदत नेमकी त्याच्या रजेत संपते. तो घरी बसला आहे आणि त्याच्या खुर्चीवर तुझी नायिका आहे. लेखापरीक्षकाला जिवंत ठेव. त्याने फक्त यादी मागावी.

आणखी एक उणीव मनाला लागली. तुझ्या कादंबरीत ठेवीदार कुठेच नाहीत. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती, आणि ठेवींवरचा विमा त्या वेळी एक लाखापुरताच होता. पाच लाखांची मर्यादा फेब्रुवारी २०२०मध्ये आली. २०२२मधल्या तुझ्या शाखेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या पेन्शनर आजींना हे सगळे आठवत असणार. त्यांनी नायिकेला एवढेच विचारावे, “बाई, आपली बँक बरी आहे ना?” त्या वेळी नायिकेला खरे काय ते कळलेले असावे.

शेवटची धावपळ दलाल स्ट्रीटवर नको. आज पैशाच्या नोंदी ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आणि बॅक ऑफिसांत राहतात, रिझर्व्ह बँकेचे एक कार्यालय बेलापूरला आहे, आणि तुझी नायिका ठाणे-वाशी लोकलने रोज याच पट्ट्यातून जाते. इथे येऊन दोन दिवस राहा. मी स्वतः तुला घेऊन फिरेन आणि ताळमेळाचे काम आयुष्यभर केलेल्या दोन जुन्या सहकाऱ्यांशी गाठ घालून देईन. नववे प्रकरण नव्याने लिहायला घेण्यापूर्वी त्यांच्याशी बोललास तर बरे होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश