डीपनेस्टमधून मला वर काढणाऱ्या भाचीस

चि. चिऊस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुट्टी संपवून तू परत गेलीस, त्याच्या तिसऱ्या रात्री मी ‘हॉलो नाइट’ या व्हिडिओ गेममधला डीपनेस्ट नावाचा जमिनीखालचा काळोखा भाग पार केला. ‘झालं गं’ एवढाच मेसेज टाकला आणि तू नुसता अंगठा पाठवलास. माझं तेवढ्यावर भागेना, म्हणून हे पत्र. मुद्दाम उघडं लिहितोय. ‘हॉलो नाइट’ २०१७ साली आला, तरी अजून रोज कुणीतरी नव्याने त्या काळोखात उतरत असेल आणि माझ्यासारखंच तोंडावर आपटत असेल. तुझी शिकवणी त्यांच्याही कामी येऊ दे.

तू आलीस तेव्हा मी कुठल्या अवस्थेत होतो, आठवतंय ना? मँटिस लॉर्ड्सना, म्हणजे डीपनेस्टच्या वाटेवरच्या लढवय्या किड्यांच्या सरदारांना हरवून छाती फुगवून बसलो होतो. आधी एकाशी लढत, मग एकदम दोघांशी. जिंकल्यावर गावातले सगळे मँटिस आपल्यापुढे मान तुकवतात, त्याने माझं डोकं पारच फिरलं. ते एवढी वर्षं तिथे पहारा कशासाठी देत होते, हा साधा प्रश्न मला पडला नाही. खालचं काही वर येऊ नये म्हणून देत होते! त्यात स्लाय दुकानदाराकडचा ल्युमाफ्लाय कंदील १,८०० जिओचा (जिओ म्हणजे तिथले पैसे) आणि माझ्या खिशात १,६४०. उरलेले १६० खाली मिळतील, असा हिशोब करून मी कंदिलाशिवाय उतरलो. पाच मिनिटांत मेलो. मेलो की आपली सावली तिथेच राहते आणि आपले पैसे तिच्याकडे. ते परत आणायला गेलो तर सावलीपर्यंत पोचायच्या आतच पुन्हा मेलो. दुसऱ्यांदा मेलं की पहिली सावली जाते आणि तिच्याबरोबर सगळे जिओही.

तू मागे सोफ्यावर बसून हे बघत होतीस. आणि तू कंट्रोलर मागितला नाहीस. पहिले आभार याचे. ‘दे इकडे, मी करून देते’ असं म्हणणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटलेत. तू विचारलंस ते वेगळंच: “मामा, आवाज का बंद आहे?”

घरातले झोपलेले असतात म्हणून मी सगळा गेम मुक्याने खेळत आलो होतो. तू तुझे हेडफोन माझ्या कानांवर चढवलेस. अगं, काय तो फरक! भिंतींच्या आत काहीतरी सतत सरपटतंय, खरडतंय. पहिली दहा मिनिटं मी जास्तच घाबरलो, खोटं कशाला बोलू. त्यातला निम्मा आवाज नुसता भीती घालायला आहे, हेही तूच सांगितलंस. उरलेला निम्मा वेगळा काढायला शिकायचं. जमिनीतून फसकन वर येणारे ते डर्टकार्व्हर किडे आता मला बऱ्याचदा दिसायच्या आधी ऐकू येतात. आणि नकाशे विकणाऱ्या कॉर्निफरचं गुणगुणणं! जमिनीवर नकाशाचे कागद विखुरलेले दिसले की थांबायचं, कान द्यायचा. इतके दिवस मी त्या कागदांवरून तुडवत जात होतो.

त्या नकाशाची गोष्ट बाकीच्यांसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे माझे सगळ्यात जास्त तास वाया गेले. कॉर्निफरकडून त्या भागाचा नकाशा विकत घेतल्याशिवाय आपण कितीही भटकलो तरी कागदावर काही उमटत नाही. होकायंत्राचा चार्म, म्हणजे अंगावर लावायचा ताईत, लावला असला तरी व्यर्थ. डीपनेस्टचा नकाशा अवघा ३८ जिओंना मिळतो. नकाशा घेतल्यावरही क्विल, म्हणजे नकाशा भरायची लेखणी, जवळ हवी आणि बेंचवर (मेल्यावर आपण जिथून पुन्हा उठतो त्या बाकावर) बसायला हवं, तेव्हा कुठे नव्या खोल्या त्यात भरल्या जातात. म्हणून तुझा नियम: पहिल्या खेपेला काहीही मिळवायचं नाही, फक्त बेंच शोधायचा. वर डर्टमाऊथ गावात जिओ खर्चून, खिसा रिकामा करून उतरायचं. मेलो तर मेलो, जातंय काय?

हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याने माझा हातच बदलला. खिशात पैसे असताना मी प्रत्येक वळणावर पळत होतो. रिकाम्या खिशाने मी पहिल्यांदा उभा राहून बघितलं. त्याच खेपेला वरच्या भागातला गरम पाण्याचा झरा सापडला, त्याच्याशेजारी बेंच. झऱ्यात नुसतं उभं राहिलं की मास्क (आपला जीव) आणि सोल (बरं व्हायला लागणारी शक्ती) दोन्ही भरतात. मी तिथे किती वेळ उभा होतो, ते तू घड्याळ लावून मोजलंस आणि रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलंस. त्याबद्दल आभार नाहीत.

मग तू मला मारामारीचं गणित घातलंस. नेलच्या, म्हणजे आपल्या तलवारीसारख्या हत्याराच्या, एका फटक्याला ११ सोल आणि एक मास्क भरायला ३३, म्हणजे तीन फटके मारले की एकदा बरं होता येतं. सोलचं भांडं ९९चं. पण सावली कुठेतरी मागे राहिली असेल तर भांडं तडकतं आणि त्यात ६६च मावतात. तीनदा बरं होण्याऐवजी दोनदा. मी एवढे दिवस तडकलेल्या भांड्याने लढत होतो आणि ‘हा भाग अवघडच आहे’ म्हणून कुरकुरत होतो! सावलीपर्यंत पोचणं अगदीच अशक्य झालं तर डर्टमाऊथमध्ये जिजी आहे. साधी किल्ली वापरून तिचं दार उघडायचं, एक सडकं अंडं द्यायचं, ती सावली तिथेच बोलावते. माझ्याकडे अशी तीन अंडी पडून होती. मला वाटलं होतं, कचरा आहे.

प्रेतं दोनदा मारायची, हे तुझं वाक्य तर मी कागदावर लिहून टीव्हीच्या कडेला चिकटवलंय. आधीच्या भागांतलं ओळखीचं दिसणारं कलेवर येतं, आपण ते पाडतो, वळतो, बरं व्हायला बसतो. आणि त्याच्या आतून पाय फुटून ते अंगावर धावतं. कॉर्प्स क्रीपर! आता मी पाडल्यावर एक पाऊल मागे सरकतो, दुसरा जन्म होऊ देतो, तोही संपवतो आणि मगच सोल वापरतो. पुढचे पाय ढालीसारखे धरून येणाऱ्या स्टॉकिंग डिव्हाउट या शत्रूचंही असंच. समोरून मारलेलं त्या पायांवरच अडतं. त्याचा वार होऊ द्यायचा आणि मग आपला. घाई केली की संपलं. गार्पीड नावाची ती लांबलचक गोम मरतच नाही, तिच्यावर मी एकदा अख्खा सोल उधळला. तू शांतपणे म्हणालीस, “मामा, ती आगगाडी आहे. जाऊ दे तिला.” तेव्हापासून जाऊ देतो.

चार्मच्या बाबतीत मात्र मी तुझं ऐकलं नाही, हे कबूल करतो. मँटिसांकडून मिळालेला मार्क ऑफ प्राइड लाव, असं तू म्हणत होतीस. नेलची पोच पाव हिश्शाने वाढते, हे खरं, पण चार्म लावायच्या तीन खाचा खातो. मी पटकन बरं करणारा क्विक फोकस धरून बसलो, कारण मला मारण्यापेक्षा सावरायची गरज जास्त आहे. तुझ्या वयाला पोच हवी, माझ्या वयाला दम.

आता एक तक्रार. दूरच्या त्या गावात, डिस्टंट व्हिलेजमध्ये, मला एवढ्या फिरस्तीनंतर बेंच दिसला. आजूबाजूची मंडळी अगत्याने बोलत होती. मी खूश होऊन तुला फोटो पाठवला. तुला सगळं ठाऊक होतं. तू लिहिलंस, “बस ना मामा, दमला असशील.” बसलो आणि जागा झालो तो कोळ्याच्या रेशमात गुंडाळलेला! तू तिकडे किती हसली असशील, याचा मला अंदाज आहे. पण तेही बरंच केलंस. त्या दचकण्यातली मजा आधी सांगितली असतीस तर गेली असती. नॉस्क नावाच्या त्या राक्षसाबद्दलही तू अवाक्षर काढलं नाहीस. समोर आपल्यासारखाच एक जण उभा दिसतो, जवळ गेलं की पळतो, पुन्हा पुढे थांबतो... मी रात्री दीड वाजता हेडफोन काढून दिवा लावला होता.

अडेन तिथे हात दिलास आणि जे माझं मला सापडायला हवं, तिथे तोंडाला कुलूप लावलंस. सतराव्या वर्षी हे तुला कसं कळतं, कोण जाणे.

हेडफोन अजून माझ्याकडेच आहेत. मागू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. झोट नावाचा तो बढाईखोर योद्धा डीपनेस्टमध्ये जाळ्यात अडकून लोंबत होता. तू म्हणाली होतीस, राहू दे त्याला. मला राहवेना, परत जाऊन सोडवला. आभार मानणं राहिलं बाजूला, वर मलाच चार शब्द ऐकवले त्याने.