बंदोबस्त आधी दारांचा हवा

महोदय,

फुटबॉल सामन्यात गोंधळ झाला की सारा दोष प्रेक्षकांच्या माथी मारला जातो. १९८९ मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला. पोलिसांनी ठपका ठेवला तो चाहत्यांच्या दारूबाजीवर. चाहत्यांचा काहीही दोष नव्हता आणि बंदोबस्तच चुकला होता, हे ज्यूरीने सांगेपर्यंत २०१६ साल उजाडले. तोवर मृतांच्या आप्तांनी तो कलंक सोसला, हे मला फार अस्वस्थ करते. इंडोनेशियातील कांजुरुहान मैदानात २०२२ मध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे धावले आणि १३५ जण दगावले. असा वायू मैदानात वापरू नये, हा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम तेव्हाही होताच.

हे सारे दूरचे वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातील एका अंतिम सामन्याला मैदानाचे एकुलते एक फाटक बांबूंनी अर्धे अडवलेले होते आणि किरकोळ बाचाबाचीनंतर लाठ्या उगारल्या जाताच शाळकरी मुले त्याच फाटकात दाबली गेली. सुदैवाने कोणी दगावले नाही.

भांडखोरांवर कारवाई अवश्य व्हावी. परंतु परवानगी देण्यापूर्वी बाहेर पडण्याच्या वाटा मोजाव्यात, मैदानाच्या क्षमतेइतकीच तिकिटे विकावीत आणि क्लबांनी आपले स्वयंसेवक दारांवर उभे करावेत. येत्या पावसाळी स्पर्धांपूर्वी जिल्हा प्रशासनाने आयोजक व पोलीस यांची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक, वेंगुर्ला