देवमासा पुरण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘किनाऱ्यावर महाकाय देवमासा’ ही बातमी आपल्या अंकात अधूनमधून येते. सोबत गर्दीचा फोटो असतो, अंदाजे लांबी असते आणि शेवटची ओळ ठरलेली असते: जेसीबीने खड्डा खणून विल्हेवाट लावण्यात आली. मला त्या शेवटच्या ओळीबद्दल लिहायचं आहे.

मालवण तालुक्यात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या किनाऱ्याला एक मेलेलं पिल्लू लागलं. शाळेची टेप घेऊन मी मुलांसह धावले. गळ्यापासून पोटापर्यंत पन्हाळी पत्र्यासारख्या घड्या होत्या आणि वरच्या जबड्याला हिरांच्या केरसुणीसारखी झालर. मुलं हात लावायलाही घाबरत होती. शेपटीकडून टेप धरेपर्यंत जेसीबी आला. “बाई, उद्या वास मारतलो, आजच पुरूक होयो,” असं एका रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, समजावलं. त्याचं चूक नव्हतं. पण त्या पिल्लाची जात कोणती, नर की मादी, जाळ्यात अडकून मेलं की आजाराने, हे कोणीही लिहून घेतलं नाही. कातडीचा नखाएवढा तुकडासुद्धा कोणी ठेवला नाही.

याची खंत इतकी का, ते सांगते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत शिकारी जहाजं याच अरबी समुद्रात उतरली होती. ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर त्यांनी थोड्याच दिवसांत दोनशेहून अधिक हंपबॅक जातीचे देवमासे मारले. आदल्या वर्षीचे धरून आकडा २४२. देवमाशांच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला कळवलेले आकडे खोटे होते. खरे आकडे युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले, तेही १९९७ मध्ये. कापलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या लांबीवरून कळलं की, हे देवमासे दक्षिण गोलार्धातून येणारे पाहुणे नाहीत, त्यांचं विणीचं वेळापत्रक उत्तरेचं आहे. म्हणजे हा कळप आपल्याच समुद्राचा. पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की, तो सुमारे ७०,००० वर्षं इतर हंपबॅकपासून वेगळा आहे. ओमानच्या किनाऱ्यावर शेपट्यांच्या फोटोंवरून संख्येचा अंदाज काढला, तो निघाला ८२. कळप आपला आहे हे कळलं, तोवर तो संपत आला होता.

‘विज्ञानासाठी शिकार’ हा शब्दप्रयोग ऐकला की म्हणूनच मला संताप येतो. व्यापारी शिकारीवरची बंदी १९८६ मध्ये लागू झाली आणि पुढच्याच वर्षी जपानने संशोधनाच्या परवान्यावर अंटार्क्टिकात शिकार सुरू केली. २००५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे ३,६०० मिंक देवमासे मारले गेले. ३१ मार्च २०१४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे परवाने ‘वैज्ञानिक संशोधनासाठी’ नाहीत, असा निकाल दिला. इतके जीव घेऊन हाती आलेलं संशोधन किती तोकडं आहे, हेही न्यायालयाने नोंदवलं. २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि उघडपणे व्यापारी शिकार करू लागला.

खरं ज्ञान न मारता मिळतं आहे. शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येकाची वेगळी असते, फोटोवरून प्राणी ओळखता येतो. २०१७ मध्ये ओमानजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान, म्हणजे आपला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून कन्याकुमारीपर्यंत आली आणि परत गेली! असा प्रवास तोवर कोणी नोंदवला नव्हता.

मेलेला देवमासाही पुष्कळ सांगतो. त्याच्या कानात मळ थरावर थर साठून एक काठी तयार होते, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखी. संग्रहालयांत जपलेल्या अशा काठ्यांमधलं ताणाचं संप्रेरक मोजून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षांचा आलेख मांडला. शिकार वाढली की ताण वाढलेला, १९६० च्या दशकात सर्वाधिक. दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली, तरी समुद्रातल्या युद्धाच्या गदारोळात ताण चढलाच. भाल्यातून वाचलेल्यांनीही ते सगळं अंगावर झेललं होतं. ती काठी कोणीतरी काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवली म्हणून हे आज कळतं.

आणि आपल्या दारात समुद्र स्वतः आणून टाकतो, ते आपण संध्याकाळच्या आत पुरतो. प्रत्येक किनारी तालुक्यात एक माहीतगार माणूस, एक टेप, नमुन्याच्या चार बाटल्या आणि फोटो काढण्याची ठरलेली पद्धत एवढं तरी हवं. देवमासा कायद्याने संरक्षित आहे, त्याला हात लावायला परवानगी लागते. मग ती परवानगी असलेला माणूस जेसीबीच्या आधी पोचायला नको का?

आपल्याकडेही एक मागणं आहे. पुढच्या वेळी ही बातमी छापताना वार्ताहराला एवढं विचारायला सांगा: जात कोणती, नर की मादी, लांबी टेपने मोजली का आणि नमुना कोणाकडे ठेवला? उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही छापा.

आपली नियमित वाचक,
निवृत्त शिक्षिका, ता. मालवण (जि. सिंधुदुर्ग)