उशीवाल्याचं काय झालं

संपादक साहेब, नमस्कार.

माझं स्वतःचं गाद्या-उशांचं छोटं दुकान आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या माईक लिंडेलची गोष्ट मला फार लागते. मिनेसोटाचा हा माणूस, आधी कोकेनच्या व्यसनात पार बुडालेला, 2004 मध्ये मायपिलो ही उशांची कंपनी काढली, सुरवातीला घरीच पोरांना घेऊन हातानं फोम फाडायचा आणि मॉलमधल्या स्टॉलवर उशा विकायचा, 2009 ला व्यसन सुटलं, मग टीव्हीवर निळा शर्ट घालून उशी छातीशी धरलेला तोच घरोघरी पोचला. फोमचे लहानमोठे तुकडे भरून मानेला बसेल अशी उशी करणं सोपं नाही हो, ते मला विचारा!

आणि 2020 ची निवडणूक ट्रम्प हरले तर हा म्हणायला लागला की मतदानाच्या मशीनमध्ये गडबड झाली. पुरावा कोर्टात टिकला नाही, ती मशीन बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं 130 कोटी डॉलरचा दावा लावला, मोठमोठ्या दुकानांनी माल ठेवणं बंद केलं, 2025 मध्ये डेन्व्हरच्या ज्युरीनं डोमिनियनच्याच एका माजी कर्मचाऱ्याच्या बदनामीबद्दल 23 लाख डॉलर भरायला सांगितले. मत कुठलंही असू दे, पण पुरावा नसताना कामावरच्या साध्या माणसांना चोर म्हणायचं हे मला अजिबात पटत नाही. आणि त्याच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्यांचा यात काय दोष होता?

– एक गादीवाला, इचलकरंजी